माझ्याच बांधावरची तार

सीमाभागातल्या बांधवांनो, आपल्याला न विचारता कुणीतरी रेघ ओढली, हे दुःख आपण सगळेच वागवतो. मी तर त्यावर आयुष्यभर भाषणं ठोकली.

आज सकाळी निपाणीजवळच्या आमच्या गावात कुंपणांचे फोटो काढत एकटाच फिरलो. काटेरी तारा, दगडी बांध, नव्या प्लॉटच्या भिंती. चाळीसेक फोटो झाले. एकातही माणूस नव्हता.

शेवटी आमच्या शेताशी पोचलो. तारेपलीकडे वैनी गवत कापत होती. आठ वर्षांनी बोलली.

"भावजी, आमच्या बाजूनंबी फोटो काढा की. तुमची तार हिकडनं लई झ्याक दिसतीया."

मी कसंबसं विचारलं, "अण्णा बरा हाय न्हवं?"

"अंथरूण धरलंय त्येनी. रोज इचारत्यात, बांधावर कोण दिसलं काय म्हणून."

वाटणीच्या रागात ती तार मीच ओढली होती. थोरल्या भावाला, अण्णाला न विचारता. जायला-यायला वाटसुद्धा ठेवली नव्हती. वैनी भारा उचलून गेली, आणि मी तारेला धरून उभा राहिलो.

आता घरून पक्कड घेऊन परत बांधाकडे निघालोय. तुम्हीही आजच आपल्या कुंपणात माणूस जाईल एवढी वाट करा.