मोठ्या मॅडमचे दात

कृषी महाविद्यालयात पशुविज्ञान शिकवते असं सांगितलं की लोक लगेच त्यांच्या मांजराला जुलाब होतायत म्हणून सांगायला लागतात. मी जनावरांची डॉक्टर नाही, हे समजावून सांगायचं मी आता सोडून दिलंय. शेतीची पदवी घेणाऱ्या मुलांना गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांची ओळख करून देणं एवढंच माझं काम. अशी ओळख करून द्यावी लागते हे ऐकून माझी पाटणची मावशी अजून हसते. "पोरं शेतकऱ्याचीच न्हवं? मग कवा गाय बगितली न्हाई व्हय त्यांनी?"

बघितलीय, लांबून. मलकापूरच्या आसपासची बहुतेक मुलं उसाच्या घरातली. एक भाऊ फौजेत, गोठ्यात दूध काढायचं यंत्र आणि हा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत. हातात कुठली तरी पदवी लागते म्हणून आमच्याकडे येतो. गोठ्यात प्रात्यक्षिकाला उभा असतानाही मोबाइलवर चालू घडामोडी वाचत असतो, आणि पुढ्यात गाय शेण टाकते त्या घडामोडीकडे त्याचं लक्ष नसतं. बुटावर उडालं की मग कळतं.

अशा मुलांना माणसात, म्हणजे जनावरांत, आणायचं काम खरं तर मी करत नव्हते. ते आमची एक म्हातारी जर्सी संकरित गाय करायची. बदामी रंगाची, पोट सुटलेली, चेहऱ्यावर कायम 'मागच्या वर्षीची बॅच बरी होती' असा भाव. पोरं मला मॅडम म्हणायची आणि तिला मोठ्या मॅडम. हे मला कळतंय हे त्यांना माहीत होतं, आणि दोघींत जास्त मान कुणाला आहे हेही सगळ्यांना माहीत होतं.

तिला अभ्यासक्रम पाठ होता. छातीचा घेर मोजायला टेप बाहेर काढली की ती चारही पाय सरळ करून उभी राहायची. खूर बघायचा असला की पाय आपणहून उचलायची. सगळ्यात गंमत दातांच्या प्रात्यक्षिकाची. गाईचं वय दातांवरून सांगतात, म्हणून प्रत्येक मुलाला एकदा तरी तिचा जबडा उघडून बघावा लागायचा, आणि बघून झालं की तिला गुळाचा खडा मिळायचा. इतक्या वर्षांच्या गुळानंतर तिच्या डोक्यात एकच सूत्र पक्कं बसलं होतं. पांढरा ॲप्रन घातलेलं कुणीही जवळ आलं की ती मान वर करायची, जबडा सैल सोडायची आणि तशीच थांबायची. घाबरट मुलांची भीती त्यानंच मोडायची.

एवढं सगळं येत होतं, फक्त दूध देता येत नव्हतं. ती भाकड होऊन बराच काळ लोटला होता.

आमचे प्राचार्य मृदाशास्त्राचे. मातीत मुरलेला माणूस. माती खात नाही, हंबरत नाही, म्हणून त्यांचा मातीवर जीव. पाहणी समिती येणार असं कळल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, ती गाय लिलावात काढा. दर गाईमागे दूध किती, हे समिती विचारते. तिच्यामुळे सरासरी खाली येते."

"सर, दूध तर मीही देत नाही."

"तुमची सरासरी विद्यार्थ्यांवर काढतात," ते अजिबात न हसता म्हणाले.

मी भांडले. ती गेली तर मुलं कुणावर शिकणार? बाकीच्या दुभत्या गाई अनोळखी हात तोंडाला लागू देत नाहीत आणि मुलंही त्यांच्या जवळ जात नाहीत. शेवटी आमचा तह झाला. समितीनं त्या गाईबद्दल चकार शब्द काढला नाही तर ती राहील. म्हातारं जनावर कशाला पोसता असं कुणी विचारलंच तर पुढच्या लिलावात जाईल.

मी वर्गात सगळं स्पष्ट सांगितलं. त्या दिवशी कुणीही ॲप्रन घालून तिच्यासमोर जायचं नाही, खिशात गूळ ठेवायचा नाही, तिच्या वयाचा विषय काढायचा नाही. मुलांनी माझ्यावर वरताण केली. बेंदराला बैलाला सजवतात तसं तिला सजवायचं ठरवलं. ट्रॅक्टर आल्यापासून बऱ्याच घरांत बैल उरले नाहीत, पण झुली ट्रंकेत जपून ठेवलेल्या असतात. "बैल न्हाईत, पन झूल हाय मॅडम, आजानं ठेवलीया," असं म्हणत तिघांनी तीन झुली आणल्या. शिंगांवरच्या वयाच्या वळ्या हिंगुळात झाकल्या, वर बेगड चिकटवली, गळ्यात घुंगरमाळ, कपाळावर गोंडे. मोबाइलवाली पोरंसुद्धा हातांना रंग लावून उभी होती. मोठ्या मॅडम लग्नाला निघाल्यासारख्या दिसत होत्या, आणि मी मनातल्या मनात प्राचार्यांवर मात केली होती.

समिती आली. पुढे होते शहरातले एक व्यवस्थापनतज्ज्ञ. शेतीशी त्यांचा संबंध सकाळच्या चहातल्या दुधापुरता असावा. झूल बघून ते खूश झाले. "वा! संस्कृती जपली आहे तुम्ही!" प्राचार्य हसले, मीही हसले. आणि तेवढ्यात प्राचार्यांनी खास या दिवसासाठी शिवून घेतलेले पांढरेशुभ्र ॲप्रन शिपायानं पुढे आणले आणि समितीच्या अंगावर चढवले. निर्जंतुकीकरणासाठी.

मुलांना ॲप्रनबंदी केली होती, पाहुण्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तज्ज्ञ दोन पावलं पुढे आले. मोठ्या मॅडमनी मान वर केली, जबडा सैल सोडला आणि गुळाची वाट बघत थांबल्या.

तज्ज्ञांनी वाकून बघितलं आणि दचकले. "अरे अरे, हिचे वरचे सगळे दात पडलेत की! फारच म्हातारी दिसते."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मला मात्र उकळ्या फुटत होत्या. "सर, गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. नुसती कडक हिरडी असते. कालवडीलाही नसतात."

मागे पोरं खुसखुसली. तज्ज्ञ गोरेमोरे झाले. त्यांना पुढे निघायचं होतं, आम्हाला त्यांनी पुढे जावं असं वाटत होतं. गाय वाचली होती. पण माणूस चुकला की निघताना एखादा प्रश्न विचारून जातो. ते मुलांकडे वळले. "बरं, मग वय कसं ओळखतात? सांगा बघू कोणीतरी."

एक हात वर झाला.

हा हात वर यावा म्हणून मी दोन सत्रं घालवली होती. ती मुलगी आटपाडीकडची, मेंढ्यांमागे हिंडलेल्या घरातली. पहिल्या तोंडी परीक्षेत तिनं तोंडच उघडलं नव्हतं. 'आपली बोली ऐकून पोरं हसतील' ही भीती. तिला मी गाईजवळ उभं करून रोज एकच सांगत आले होते: उत्तर येतंय तर मोठ्यानं बोलायचं, आणि सुरू केलेलं वाक्य पुरं करायचं.

ती पुढे आली. खालचा ओठ अलगद ओढला आणि खणखणीत आवाजात बोलायला लागली. "खालचे म्होरले आट दात जुळल्यात, समदे येऊन गेल्यात. दात जुळल्यावर वय झिजेवरनं वळखायचं. हितं बगा सर, दातांची मुळं उगडी पडल्यात, दोन दातांत फटी हायत, दात निसते खुंटावानी ऱ्हायल्यात. म्हंजे..."

इथं तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिचा हात अजून गाईच्या ओठावर होता. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि त्याच वेळी तिच्या तोंडावर हात ठेवावा असंही वाटत होतं.

तिनं वाक्य पुरं केलं. "म्हंजे बारा वर्सांच्या म्होरं."

तज्ज्ञांनी टाळ्या वाजवल्या. अहवालात त्यांनी अध्यापन उत्कृष्ट असल्याचा शेरा दिला, आणि त्याच्याच खाली, वयस्क अनुत्पादक जनावर काढून टाकून आधुनिक शैक्षणिक साधन घ्यावं असंही लिहिलं. दोन्ही शेऱ्यांना आधार एकच होता.

संध्याकाळी ती मुलगी गोठ्यात झुलीच्या घड्या घालत होती. रडून डोळे लाल. "मी खोटं सांगाय पायजे हुतं का मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण खरं सांगते, ते 'नाही' म्हणताना मला माझ्या धंद्याचा राग आला.

गाय लिलावात कुंडलच्या एका शेतकऱ्यानं घेतली. त्याला गोबर गॅसला शेण हवं होतं. "आवं मॅडम, लय गरीब जनावर हाय, जीव लावून संबाळतो," असं त्यानं मला न विचारता सांगितलं, बहुधा माझा चेहरा बघून.

मग आधुनिक शैक्षणिक साधन आलं. फायबरची गाय, अगदी खऱ्या आकाराची, प्राचार्यांच्या हस्ते नारळ फोडून उद्घाटन. खटका दाबला की जबडा उघडतो. मी खटका दाबला. आत वर आणि खाली, दोन्हीकडे दातांच्या शुभ्र रांगा. दंतमंजनाच्या जाहिरातीला घेतील अशा. मी प्राचार्यांना दाखवलं.

"जास्तच दिलेत ना?" ते म्हणाले. "कमी दिले असते तर तक्रार करता आली असती."

तेव्हापासून दातांच्या प्रात्यक्षिकाला मी मुलांना बसमध्ये घालून कुंडलला नेते. कागदोपत्री या सहलीला 'गोबर गॅस प्रकल्प भेट' म्हणतात. पहिल्या भेटीला आम्ही गोठ्यात शिरलो तेव्हा मोठ्या मॅडम उसाचं वाडं खात होत्या. मी जवळ गेले, पाठीवर हात फिरवला, नेहमीसारखी हाक मारली. त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आटपाडीची मुलगी आता वरच्या वर्गात होती, मदतीला म्हणून आली होती आणि मागे उभी होती. तिनं पिशवीतून ॲप्रन काढून घातला आणि पुढे झाली. गाईनं तोंडातलं वाडं टाकलं, मान वर केली, जबडा सैल सोडला आणि थांबली.

नव्या बॅचची पोरं वह्या उघडून बघायला पुढे सरसावली. मुलीनं त्यांना हातानंच मागे सारलं, गुळाचा खडा गाईच्या तोंडात ठेवला आणि जबडा हळूच मिटला.

"आज वय न्हाई सांगायचं मॅडम," ती म्हणाली, आणि या खेपेला वाक्य पुरं झाल्यावरच माझ्याकडे बघितलं.