आधी पंखा बंद कर

बाई कुणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढायच्या, भिंतीवरचं बटण शोधायच्या आणि पंखा बंद करायच्या. मग बसायच्या. सांगलीचा एप्रिल असो की घर पाहुण्यांनी भरलेलं असो, त्यांना फरक पडत नसे. "आधी पंखा बंद कर, मग काय ते बोल." लोक नमस्कार म्हणतात तिथे त्या हे म्हणत. ज्याच्या येण्याने घरादाराला घाम फुटतो असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमच्या गल्लीत तो खरोखरच फुटायचा.

त्या निवृत्त शिक्षिका. एका खोलीत एकट्या राहत. खोलीला लागून अरुंद गॅलरी. अंध मुलांच्या एका वसतिगृहासाठी शाळेची पुस्तकं मोठ्याने वाचून कॅसेटवर भरून देण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. कॅसेटवर एक शब्द चुकला की सगळं पान पुन्हा वाचावं लागे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉम्प्युटर जुळवून विकत असे. त्यावर आवाज भरला तर चुकलेला शब्द तेवढाच कापता येतो, असं मी एकदा सहज बोलून गेले. पुढच्याच आठवड्यात बाईंनी माझ्याकडून मशीन घेतलं. त्यावर वाचायचं, दुरुस्त करायचं आणि मग कॅसेटवर उतरवायचं, असं ठरलं.

मशीनवर भरलेली पहिली कॅसेट ऐकून वसतिगृहातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्ही गिरणीत बसून वाचता का?"

मशीनच्या पोटातल्या पंख्याची घरघर प्रत्येक वाक्यामागे आली होती. त्याच सुमाराला बाईंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन फार लांबवू नका, असं मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, आणि नंतर आवाज राहीलच असं नाही, हेही सांगितलं. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक तेव्हा निम्मंच वाचून झालं होतं.

मी म्हटलं, "आहे त्या घरघरीत वाचून टाका. मुलं समजून घेतील."

"त्यांनीच का समजून घ्यायचं?" बाई म्हणाल्या. "डोळस पोरांना कुणी शाई फासलेली पुस्तकं देतं का? ह्या यंत्राला गप्प बसव."

तिकडे हौशी लोक कॉम्प्युटर पाण्याने थंड करतात, असं त्यांच्या अमेरिकेतल्या भाच्याने फोनवर सांगितलं होतं. तेच त्यांनी धरलं.

"वीज आणि पाणी एका डब्यात?" मी म्हणाले. "जळलं तर नाव माझ्या दुकानाचं जाईल, बाई."

"मग नीट कर, म्हणजे जळणार नाही."

त्याचं तयार सामान आपल्याकडे मिळत नव्हतं. कल्पना मात्र साधी होती. तापणाऱ्या चिपवर पंख्याऐवजी तांब्याची पोकळ डबी बसवायची, तिच्यातून पाणी फिरवायचं आणि गरम झालेलं पाणी कुठेतरी निववायचं. अडलं होतं ते या 'कुठेतरी'पाशी. म्हणून आम्ही दोघी मिरज रस्त्यावर एका रेडिएटरवाल्या मिस्त्रीकडे गेलो. गडी मूळचा जतचा.

"गाडी कंची, बाई?"

"गाडी नाही. कॉम्प्युटर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, ह्या खरं बोलत्यात व्हय?"

"खरं बोलतायत."

"मंग जीपचा रेडिएटर घ्या. लय गार करतोय. फकस्त म्होरं एक पंखा बसवायचा."

"पंखा घालवायला पंखा आणू?" बाई म्हणाल्या.

मिस्त्री हसला. "आमच्या गावाकडं पाणी टँकरनं येतंय, आन् तुमी ते मशीनला पाजा."

"पाजणार आहे. तू डबी तेवढी कर. गळता कामा नये."

डबी त्याने चांगली केली. पंप मी दोन पाहिले. कूलरचा पंप जोरदार, पण गुणगुणणारा. माशांच्या टाकीतला पंप छोटा होता, पाण्यात बुडवला की ऐकूच येत नसे. तो घेतला. नळी आणली ती गवंडी भिंतीची पातळी बघायला वापरतात ती, पारदर्शक. आत हवेचा बुडबुडा अडकला तर लगेच दिसतो. पाणी निववायला मी बादली सुचवली. पण बादलीतलं पाणी तासाभरात कोमट होऊ लागलं.

बाईंनी कोपऱ्यातल्या स्वतःच्या माठाकडे बोट केलं. "हा सगळा उन्हाळा पाणी गार करतो. कधी आवाज ऐकलास त्याचा?"

मी पंप बादलीतून उचलून माठात सोडला. माठ ठरला.

मशीन बंद ठेवून मी दिवसभर नुसतं पाणी फिरवलं. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं. संध्याकाळपर्यंत ते कोरडं राहिलं, तेव्हाच बटण दाबू दिलं. वीज पुरवणाऱ्या डब्यातही एक पंखा होता. त्याच्या तारा वाढवून तो डबा गॅलरीत लाकडी पेटीत ठेवला. अख्खं मशीनच बाहेर ठेवावं म्हटलं, तर पडद्याच्या आणि की-बोर्डच्या तारा तेवढ्या लांब मिळत नव्हत्या. उरली हार्डडिस्कची कुरकुर. ती बाईंनी माफ केली. "ती निदान काम करताना बोलते."

एकदा मिस्त्री आपली करामत बघायला आला आणि सवयीने माठात पेला बुडवायला गेला.

"हात लावू नकोस. ते मशीनचं आहे."

"आमच्यापरास त्येचीच बडदास्त हाय की, बाई."

काही आठवडे सुरळीत गेले. मग वाचन चालू असताना मशीन मध्येच थिजू लागलं. भरलेलं पान गायब व्हायचं. ऑपरेशनची तारीख जवळ आली होती आणि शेवटचे दोन धडे राहिले होते. मी डबीची नळी काढून पाहिली. आत पांढरा थर आणि माठाची माती. पाण्याला वाटच उरली नव्हती.

"बाई, माठाला काही केलंत का?"

"केलं म्हणजे? रोज सकाळी रिकामा करते, काथ्याने घासते, ताजं पाणी भरते. शिळं पाणी मी कुणालाही देत नाही."

आमच्या बोअरचं पाणी जड. बाई रोज ताजा क्षार आणि खरवडलेली माती मोठ्या मायेने मशीनला पाजत होत्या. मी डबी मिस्त्रीकडून खोलून घेतली, आपण तांब्याची भांडी घासतो तशी चिंचेने साफ केली, पुन्हा जोडून घेतली. गाडीच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणून माठात भरलं आणि माठाला हात लावायचा नाही असं बाईंना सांगितलं. दोन धड्यांसाठी ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही, तेही सांगितलं. एकूण, त्या दिवशी मी बरंच बोलले. बाईंनी ऐकून घेतलं. तोवर तारीख आली आणि ते दोन धडे राहिले ते राहिलेच.

ऑपरेशन नीट झालं. आवाज गेला. उरली ती नुसती कुजबूज, वाळक्या पानांवरून चालल्यासारखी. गल्लीतले लोक भेटायला येत आणि म्हणत, आता आराम करा, दुसरं कुणी वाचेल. मीही म्हटलं, मशीन परत घेते.

बाईंनी पंख्याकडे बोट केलं. मी उठून बंद केला, तेव्हाच त्या बोलल्या. "आधी माझा आवाज यंत्राच्या पंख्यावर मात तरी करत होता. यंत्र गप्प हवं ते आता हवं."

त्या दोन धड्यांना किती दिवस लागले ते मी मोजलं नाही. ओठ माइकला टेकवून एकेक वाक्य वाचायच्या, दम खायच्या, पुन्हा वाचायच्या. माठ पाझरत राहायचा. ते डिस्टिल्ड वॉटर पुरवता पुरवता बॅटरीवाला मला विचारायचा, "ताई, किती गाड्या हायत तुमच्याकडं?"

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. मशीन भंगारात गेलं, माठ मी घेऊन आले. त्यात पाणी गार होत नाही. घासणं बंद झाल्यापासून त्याची सगळी भोकं आतून बुजत गेली. टाकला मात्र नाही.

मध्यंतरी वसतिगृहात कामानिमित्त गेले होते. दुपारची वेळ, उकाडा मरणाचा. वीसेक मुलं बाईंच्या विज्ञानाच्या त्याच कॅसेटी ऐकत बसली होती. धडा संपला, एका मुलाने चाचपून कॅसेट बदलली आणि तो म्हणाला, "शेवटची आहे."

तेवढ्याने एक मुलगी उठली. भिंतीला हात लावत लावत गेली आणि तिने पंखा बंद केला. कुणी कुरकुरलं नाही. पाती थांबेपर्यंत सगळी तशीच बसून राहिली.

मग बाई बोलू लागल्या.