मिटल्या डोळ्यांसमोरचे हत्ती

टांझानियातल्या त्या माळावर आमची जीप थांबली, तेव्हा उन्हं कलली होती. हत्तींचा एक कळप चरत चरत अगदी जवळ आला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

माझ्या यजमानांची नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "दिसतंय तोवर एकदा आफ्रिका बघून येऊ," असं हेच म्हणाले, म्हणून तर आम्ही इतक्या लांब आलो होतो. आणि आता हे डोळे मिटून बसले होते!

"अहो, बघा ना," मी कुजबुजले. "अगदी समोर आहेत."

"बघून झालं. आता ऐकतोय," ते म्हणाले. "तूही ऐक."

मी जराशी रागावूनच डोळे मिटले. आधी नुसता वारा होता. मग सोंडेनं गवत उपटल्याचा आवाज आला, पायावर आपटून त्याची माती झाडल्याचा आला, आणि कुणाच्या तरी पोटातून उठलेली खोल घरघर. जवळ, मग लांब, मग त्याहून लांब. तो माळ केवढा मोठा आहे, हे मला त्या विरत जाणाऱ्या आवाजांतून पहिल्यांदा समजलं. वाटलं, जग आपल्यापर्यंत किती वाटांनी येत असतं, आणि आपण एकाच वाटेकडे डोळे लावून बसतो.

मी डोळे उघडले तेव्हा कळप दूरच्या सोनेरी धुळीत मिसळत होता. यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. कित्येक महिन्यांनी त्यांचा चेहरा निवांत दिसत होता. मी त्यांना हाक मारली नाही.