उतारावरच्या डब्याचा चार्ज

ते प्रकरण आठवलं की आजही मला हसू येतं. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि मुळशीतल्या एका पोलीस ठाण्याचा चार्ज माझ्याकडे होता. सकाळची हजेरी आटोपून चहाचा कप उचलतो तोच उरवड्याकडच्या एका हॉटेलचे मॅनेजर तावातावाने आत आले. चोरी झाली, म्हणाले.

काय गेलं, तर ब्रेकचं हँडल! त्यांच्या मालकांनी डोंगरातल्या छोट्या रेल्वेगाडीचा जुना डबा विकत घेऊन हॉटेलच्या बागेत, उतारावर रूळ टाकून उभा केला होता. लोक त्यात बसून फोटो काढत. त्या गाड्यांना एकेका डब्यावर एकेक ब्रेकवाला असायचा. इंजिनाची शिट्टी ऐकून तो हातानं ब्रेक आवळायचा. त्याच ब्रेकचं पितळी मुठीचं हँडल रविवारी गायब झालं होतं. गुन्हा आत्ताच दाखल करा, असा मॅनेजरांचा धोशा. मी तक्रारी अर्ज ठेवून घेतला आणि आधी चौकशी करू म्हटलं. पितळ म्हणजे भंगारवाले, हा आमचा नेहमीचा हिशेब. सगळे पालथे घातले, हाती काही लागलं नाही.

खबर भलतीकडूनच आली. उरवड्यातल्या एका शेतकऱ्यानं आमच्या बीट हवालदाराला गाठलं. यानं खोल्या बांधून कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं दिल्या होत्या. "माझ्या भाडेकरूचा म्हातारा बाप हाय," तो म्हणाला. "रोज सकाळी हाटेलाच्या कुंपणापाशी हुबा ऱ्हातोय, डब्याकडं बघत. हातातली पिशवी सोडत न्हाई. पर दमात घेऊ नका त्याला, माणूस लई चांगला हाय."

घरमालक भाडेकरूच्या बापासाठी पोलिसांकडे रदबदली करतो, हे मी नोकरीत फारसं पाहिलेलं नव्हतं. म्हणून हवालदाराला घेऊन स्वतःच गेलो.

मुलगा पाळीवर गेला होता. सून दारात आली आणि वर्दी बघून पांढरीफटक पडली. सासरे माथेरानच्या गाडीवर ब्रेकवाले होते, तिनं सांगितलं. हल्ली फार विसरतात, कधीकधी तिचं नावही. रविवारी लग्नाच्या वाढदिवसाला सगळे त्या हॉटेलात जेवायला गेले होते. "तेव्हापासून अण्णांनी पाठ टेकलेली नाही साहेब. रात्रभर पिशवी मांडीवर घेऊन बसून असतात. आता त्यांना ठाण्यात नेणार का?" ते मलाच ठाऊक नव्हतं. मी आत शिरलो.

अण्णा खाटेवर ताठ बसले होते. डोळे तांबारलेले. पिशवीत काय आहे, विचारलं. हँडल, म्हणाले. लपवाछपवी नाहीच. कुणाला विकायचं होतं, असं विचारल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कालचा भरती झालेला पोरगा! मग मी चोरीचा विषय सोडला आणि गाडीचा काढला. माणूस खुलला. घाटातली वळणं इतकी आखूड, की इंजिनाच्या चाकांचे कणेच वळणावर थोडे फिरतील असे बनवलेले. रूळ ओले झाले की चाकं घसरू नयेत म्हणून वर वाळू टाकायची. बोलता बोलता सगळं बाहेर आलं. डबा उतारावर उभा केला की चाकांना पाचर लावायची, हँडल काढायचं आणि पुढच्या ड्युटीवाल्याच्याच हातात द्यायचं, ही त्यांच्या उस्तादाची शिकवण.

"पोरं हँडल फिरवत होती," ते म्हणाले. "खाली माणसं जेवत होती. ड्युटीवर कुणीच नव्हतं."

"मग परत का नाही दिलं?"

"देऊ कुणाला? चार्ज घ्यायला कुणी आलंच नाही."

ठाण्यातल्या शस्त्रांच्या कपाटाची किल्लीही आम्ही अशीच देतो. घेणारा समोर आल्याशिवाय घरी जायचं नाही. मी उठलो, टोपी घातली आणि त्यांच्यासमोर सरळ उभा राहिलो. "अण्णा, मी आलोय. चार्ज द्या."

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "डबा उतारावर आहे. पाचर लावाल?"

"लावतो."

"शिट्टीशिवाय ब्रेक सोडायचा नाही."

"नाही सोडणार."

त्यांनी हँडल माझ्या हातात दिलं, पाय वर घेतले आणि आम्ही तिथे असतानाच ते झोपी गेले. सुनेनं तोंडाला पदर लावला. हवालदार उगाचच बाहेर जीप बघायला गेला. मलाही भरून आलं होतं, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

हँडल परत देऊन मॅनेजरांना हे ऐकवलं, तर आधी ते हसले. चाकं रुळांना वेल्ड केलेली होती, डबा हलणं शक्यच नव्हतं. चोरीला हेतू लागतो, तो इथं नाही, एवढं मी समजावलं. मग म्हाताऱ्याच्या जागरणाचं सांगितलं.  तेव्हा त्यांनी अर्ज मागे घेतला आणि सुताराला बोलावून चाकांना लाकडी पाचरी लावून घेतल्या. हँडल ते संध्याकाळी काढून ऑफिसात ठेवू लागले.

पुढे एका सकाळी अण्णा मला कुंपणापाशी दिसले. हातात पिशवी नव्हती. पाचरी पाहून त्यांनी मान हलवली आणि सुनेबरोबर घराकडे वळले. मला त्यांनी ओळखलं नाही.

आयुष्यभर मी माणसांना विचारत आलो, काय घेतलंस, कुठं लपवलंस. तू कुणाची वाट बघतोयस, हेही विचारायचं असतं, हे मला त्या खोलीत कळलं. निवृत्तीच्या दिवशी नव्या साहेबांच्या हातात किल्ल्या दिल्या. ते सहीची घाई करत होते. मी म्हटलं, थांबा, आधी किल्ल्या नीट हातात घ्या. मग घरी गेलो आणि आडवा झालो. कितीतरी वर्षांनी दुपारची झोप लागली.