सुशीलाकाकूंच्या आठ फेऱ्या

विद्यानगरच्या आमच्या इमारतीत मी राहायला आले त्याच संध्याकाळी सुशीलाकाकू जिन्यात भेटल्या. सत्तरीच्या, पदर कमरेला खोचलेला, एका हातात पाण्याची बाटली, दुसरा कठड्यावर. लिफ्ट चालू होती. मी दार धरून म्हटलं, "या ना, वर जायचंय का?"

"नक्को गं. मला खाली जायचंय," म्हणाल्या आणि वर चढू लागल्या. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नसावं, असं मला वाटलं.

चार दिवसांनी त्यांनीच चहाला बोलावून उलगडा केला. तळमजल्यावर एकट्याच राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नांदेडला. माहेर आदिलाबादच्या जंगलातलं. तिथल्या डोंगरात एक धबधबा आहे, त्याच्या पायथ्याशी पोचायला लांबलचक पायऱ्या उतराव्या लागतात. "उतरीन गं कशीबी. पण चढून वर कोण आणणार मला? म्हणून चढायची सवय करायलेय."

काकू लहानपणी तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा त्यांच्या आईनं बोलून ठेवलं होतं की पोरगी वाचली तर त्या पाण्याची ओटी भरीन. पोरगी वाचली, आईच त्या साली गेली. लग्नानंतर यजमान "पुढल्या साली जाऊत" म्हणत राहिले आणि तेही गेले. आता काकूंना स्वतःला ओटी भरता येत नव्हती. विधवेनं भरायची नाही म्हणे. मी त्यावर तावातावानं भाषण दिलं. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हौ, तुझं खरं असेल. पण आईचं बोललेलं हाय, त्यात खोट नक्को. मी संगं उभी राहते, तू भर."

मी लगेच हो म्हटलं. सहलीचा कागदच केला: पहाटे पाचला निघायचं, निर्मलला चहा, दहापर्यंत धबधबा, रात्री घरी. आयटीतली बाई मी, नियोजन हाच माझा धंदा. काकूंचं नियोजन वेगळं. श्रावणात पाणी गढूळ असतं, दसऱ्यानंतर निवळतं, तेव्हाच जायचं. वाटेत हॉटेलचं काही नको, दुधातल्या दशम्या आणि शेंगांची चटणी.

"पायऱ्या किती हायेत, तुझ्या फोनात बघ की," एकदा त्या म्हणाल्या. मी मीटिंगमध्ये होते. फोन न उघडताच ठोकून दिलं, "असतील साडेचारशे."

आमच्या गच्चीपर्यंत साठ पायऱ्या. काकूंनी बोटांवर हिशेब केला. "मंजे आठ फेऱ्या धरू." तेव्हा त्यांना तीन जमत होत्या, त्याही दोनदा बसून. रोज संध्याकाळी पाचला त्या निघायच्या. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "घाई नक्को, पण थांबू बी नक्को." मजल्यामजल्यावरच्या तेलुगू बायका त्यांच्यासाठी दारात स्टूल ठेवू लागल्या.

पुढल्या दसऱ्याला त्या हसत माझ्या दारात आल्या. "पाच व्हायलेत बग, न बसता. जाऊत का?" ऑफिसात माझी धांदल चालली होती. मी म्हटलं, "काकू, आधी आठ होऊ द्या. मध्येच दम लागला तर?" खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी मान डोलावली. "हौ, तेबी बराबर हाय."

त्यांना आठ फेऱ्या जमायला आणखी एक वर्ष लागलं. शनिवार ठरला. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून फोन आला, शनिवार-रविवार कामावर या. मी खाली गेले तर घरभर दशम्यांचा वास. "परेशान होऊ नक्को पोरी," काकूच माझी समजूत घालू लागल्या. "दशम्या टिकतात की गं. पुढल्या शनवारी ताज्या करीन."

बुधवारी सकाळी कामवालीनं बेल वाजवली, दार उघडलं नाही. काकू झोपेतच गेल्या होत्या.

दिवस झाल्यावर त्यांच्या मुलीनं माझ्या हातात पिशवी दिली. आत खण, नारळ, हळदकुंकू, तांदूळ. "आईनं तुमच्यासाठीच भरून ठेवली होती," ती म्हणाली. त्याच आठवड्यात मी रजा टाकली. ती लगेच मिळालीही.

धबधब्याखाली मी ओटी भरली. आपल्या आईचं नाव काकूंनी कधी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं, म्हणून काकूंचंच घेतलं. परत निघताना त्यांच्यासारखा एक हात कठड्यावर ठेवून पायऱ्या मोजत चढू लागले. दोनशे चौऱ्याण्णव मोजल्या आणि समोर गाडी उभी दिसली. मला वाटलं चुकले. पुन्हा खाली उतरले, पुन्हा मोजत वर आले.

दोनशे चौऱ्याण्णवच. म्हणजे पाच फेऱ्यासुद्धा नाहीत.