सणाचा घास

असोद्याचा चुडामण उंदरांना 'मंडळी' म्हणायचा. जळगावात औषधं शिकवणारं एक कॉलेज होतं, तिथे पांढऱ्या उंदरांची खोली होती. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी करणं हे त्याचं काम. सायकल भिंतीला टेकवली की दारातूनच हाक, "काय मंडळी, झोप झाली का?" आता उंदीर काय बोलणार! पण चुडामणला उत्तर मिळाल्यासारखं वाटायचं, आणि माणसाला तेवढं पुरतं.

ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. कॉलेजातल्या पितांबर सरांनी एक ध्यास घेतला होता. चोपड्याच्या वर सातपुड्यात गुडमार नावाचा वेल होतो. त्याचं पान चघळलं की जिभेला गोड कळतच नाही. सरांनी त्या पानांचा अर्क काढून त्यातून जराशी भुकटी वेगळी केली होती. ती मधुमेहावर चालते का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून आधी सुई देऊन उंदरांना साखर लावायची, मग काहींना भुकटी द्यायची, काहींना नाही, काही उंदीर मुळात निरोगीच ठेवायचे, आणि सगळ्यांच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढून फरक ताडून बघायचा.

चुडामणनं एक पान गुपचूप तोंडात टाकलं आणि लगेच चहाला गेला. टपरीवाल्या बन्सीलालला म्हणाला, "काहो शेठ, साखर महाग झाली का?" बन्सीलालनं आणखी चमचा टाकला, मग आणखी एक. शेवटी बरणीच पुढ्यात आपटली. "घे बाबा, चाट!" चुडामणनं चाटली. निव्वळ रेती! कॉलेजभर हशा पिकला.

हसण्याखाली मात्र एक गाठ होती. चुडामणच्या बायकोला, बेबाबाईला, साखर होती. दवाखान्याच्या गोळ्या ती घ्यायची, पण मन धावायचं गोडाकडे. त्यामुळे ते औषध लागू पडावं, असं सरांपेक्षा चुडामणलाच जास्त वाटायचं. तो घरी आला की बेबाबाई पहिलं विचारायची, "कशे हायेत तुमचे उंदरं?" जसं काही माहेरचं माणूस आजारी असावं.

भुकटीवाल्या मंडळींची साखर उतरत चालली होती. पाणी कमी पिऊ लागली, भुसा कोरडा राहू लागला. आता शेवटचं रक्त तेवढं उरलं होतं, त्यावर सगळं ठरायचं होतं. आणि तो दिवस आला नेमका आखाजीच्या दुसऱ्या दिवशी.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण. बैलाच्या मानेवर जू नाही, गड्याला काम नाही, लेकी माहेरी, झाडांना झोके. त्या दिवशी दारचं कुत्रंही उपाशी राहता कामा नये. सर आदल्या दिवशीच बजावून गेले होते, "चुडामणभाऊ, आखाजीच्या संध्याकाळी पिंजऱ्यातलं खाणं काढून घ्या. पाणी राहू द्या."

"काढतो सर."

आखाजीला बेबाबाईनं खापरावरच्या पुरणपोळ्या केल्या. चुडामण संध्याकाळी निघाला तशी तिनं हातात एक पुरचुंडी दिली. "हे तुमच्या मंडळीले."

"आवं, त्यायले साखर हाये!"

"माले बी हायेच ना? तरी खाल्लाच ना एक घास? सनाचा घास बाधत नही. सनाच्या दिवशी जितं जनावर उपाशी ठेवलं तं पाप लागीन आपल्याले."

चुडामणला पटलं. त्यानं पिंजऱ्यातला दाणान् दाणा काढला आणि मग प्रत्येकापुढे पोळीचा तुकडा ठेवला. मंडळींनी पुढच्या पायांत धरून असा खाल्ला की बघत राहावं.

सकाळी सरांनी रक्त घेतलं. मग रीतीप्रमाणे उंदरांना कायमची भूल देऊन त्यांचे पोटातले अवयव तपासायला काढले. चुडामण तेवढा वेळ बाहेर निंबाखाली उभा होता. दुपारी सर आकडे बघत बसले ते बसलेच. भुकटीवाल्यांची साखर चढलेली, निरोग्यांचीही चढलेली. "असं होईलच कसं? उपाशी होते ना?"

"उपाशी कायले सर?" चुडामण खुशीत म्हणाला. "त्यायची बी आखाजी झाली. घरून पुरनपोयी आनली व्हती."

सरांनी चष्मा काढला. "मी खाणं काढायला सांगितलं होतं ना?"

"काढलं ना सर! दाना ठेवला नही. पोयी काय खानं आसते? तो तं सनाचा घास."

सरांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि तेव्हा कुठे चुडामणला कळलं की आपल्या हातून काहीतरी मोठं सांडलं.

पुन्हा पहिल्यापासून करायला महिने लागले असते, आणि सरांची तर जूनपासून धुळ्याला नेमणूक झालेली. तिथे उंदरांची खोलीच नव्हती. जाताना म्हणाले, "दोष तुमचा नाही भाऊ. 'उपाशी ठेवा' असं मीच म्हणायला हवं होतं." तसं उंदराला चाललेलं औषध माणसाला चालतंच असं थोडंच आहे? पण इथे उंदरांचंही ठरलं नाही. ती भुकटी उपयोगाची होती की नव्हती, कुणालाच कळलं नाही. चुडामणला सलायचं ते हेच. निरुपयोगी ठरली असती तरी तो विसरून गेला असता.

घरी बेबाबाईनं विचारलं, "झाले का बरे?"

खरं सांगावं तर तिच्या पोळीनंच सगळं बुडवलं, असं झालं असतं. तो म्हणाला, "झाले."

"माह्या पोयीनं काही बिघडलं नही ना?"

"नही वं."

बस्स, एवढंच खोटं. पण तिनं ते गल्लीभर केलं. पोळा आला, दसरा आला, दर सणाला तिचा हात ताटाकडे. कुणी टोकलं की म्हणायची, "उंदरायले चाललं, माले का नही?" चुडामण शेजारीच जेवत असायचा. तोंड उघडायचा, आणि त्यात घास घालून मिटायचा. तिच्या एका घासाचे दोन झाले, दोनाची अख्खी पोळी झाली. मग पायाला जखम झाली ती भरेना. नव्वदनंतरच्या एका पावसाळ्यात ती गेली. घासांनी गेली की तशीही गेली असती, हे कोण ताडून बघणार?

पुढच्या आखाजीला चुडामण निखाऱ्यांपुढे बसला. गेलेल्या माणसांसाठी निखाऱ्यावर घास टाकायचा असतो, त्याला आगारी म्हणतात. सुनेनं पुरणपोळीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"आखी दे माय."

"आबा, घासच टाकता ना?"

"दे आखी. आता तिची साखर कोन मोजते?"

पोळी निखाऱ्यांवर पसरली, वरून तूप पडलं. चुडामण वाकून हळूच म्हणाला, "उंदरं बरे नव्हते झाले वं."

सुनेला काही ऐकू गेलं नाही. तूप चरचरत होतं.