बिनमिठाचं जेवण

एसटी सुटायच्या आधी भाऊने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, खिडकीतून आईच्या मांडीवर खारातल्या कैऱ्यांची बरणी ठेवली. "लवकर ये गो आये," एवढंच तो म्हणाला. आईने दोनच लुगडी बरोबर घेतली होती, कारण मी तिला सांगितलं होतं की पंधरा दिवसांत परत आणून सोडतो. विहिरीवर चक्कर येऊन ती पडली होती. कपाळावरची खोक अजून ओली होती. चांगल्या डॉक्टरला दाखवायचं म्हणून मी तिला मुंबईला नेत होतो.

तेव्हा आम्ही नाहूरला एका चाळीत राहायचो. मी, माझी बायको सुनंदा आणि आमची शाळेत जाणारी मुलगी. मी भांडुपच्या कारखान्यात टर्नर होतो. मुलुंडच्या डॉक्टरांनी आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला, पारा वर चढवला, आणि पुन्हा एकदा चढवून पाहिला.

"ब्लडप्रेशर आहे. बरंच वर आहे," ते म्हणाले. "हे बरं होत नाही, ताब्यात ठेवावं लागतं. गोळ्या रोज, आयुष्यभर. मीठ कमी. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद."

आईने माझ्याकडे पाहिलं. "पण माका खयच दुखना नाय. मगे गोळी कित्याक?"

दुखत नाही तर गोळी कशाला, या प्रश्नाचं नीट उत्तर मी तिला कधीच देऊ शकलो नाही. आमच्याकडे दुखणं म्हणजे दुखायलाच हवं. ताप येतो, काढा घेतला की जातो. जे दुखत नाही आणि जातही नाही, ते तिच्या लेखी आजारपणच नव्हतं.

बरणी सुनंदाने शेजारणीला देऊन टाकली. मग तिने सगळ्यांच्याच जेवणातलं मीठ कमी केलं. म्हातारीच्या एकटीच्या ताटात अळणी वाढायचं तिला बरं वाटेना. आई न बोलता जेवायची. मात्र एक गोळी ती चुकवू लागली. लघवी जास्त होणारी गोळी होती ती. सकाळी घेतली की तासाभरात तिला जावं लागायचं, आणि सकाळी चाळीच्या संडासापुढे ही रांग! गावात घरामागच्या आमच्या परड्यात तिला कधी कुणाची वाट पाहावी लागली नव्हती. इथे परक्या पुरुषांच्या मागे डबा घेऊन उभं राहायचं. लाजेने ती गोळी पदराच्या गाठीत बांधून ठेवायची. धुताना सुनंदाला गाठ सापडली. ती डॉक्टरांना विचारून आली आणि गोळीची वेळ दहा करून टाकली. दहाला चाळ रिकामी असते.

संध्याकाळी तिला चालवायचं होतं. हायवेपलीकडे मिठागरं होती, तिकडे आम्ही जायचो. पांढऱ्या ढिगांकडे पाहून आई म्हणाली, "येवढा मीठ पडलाहा, आणि माका चिमूटभर नाय!" आणि हसली. मुंबईत ती हसलेली मला तेवढीच आठवते.

पंधरा दिवसांचे आठ महिने झाले. मग एकदा डॉक्टर पट्टा सोडवत म्हणाले, "झकास, आजी! असंच चालू ठेवा." आम्हाला केवढा आनंद झाला. आईने त्याचा सरळ अर्थ काढला. "बरी झालंय मां? मगे माका घराक पोचव. चवथ इली."

गणपतीआधी मी तिला पोचवलं. तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या, भाऊला कागदावर सगळं लिहून दिलं.

महिन्याने भाऊचं पत्र आलं. आईची तब्येत उत्तम आहे, रंग उजळला आहे, आवडीने जेवते, दिवसभर बोलत असते. गोळ्या तिने बंद केल्या आहेत, तिला गरज वाटत नाही, तुझं काय मत?

माझं मत मला ठाऊक होतं. गोळी मधेच सोडायची नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर दोनदा सांगितलं होतं. त्याच दिवशी उत्तर टाकायला हवं होतं. रविवारी लिहू म्हटलं. रविवारी पाहुणे आले, मग ओव्हरटाइम लागला. पण हे सगळं वरवरचं. खरं सांगायचं तर, ती दिवसभर बोलते आहे हे वाचून मला इतकं बरं वाटलं होतं, की ते मोडायला हात उचलेना.

तिसऱ्या आठवड्यात तार आली. मी पोचलो तेव्हा आईची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. शिमग्यापर्यंत ती होती. सुनंदा आणि मी आळीपाळीने जात राहिलो. गोळीची वेळ झाली की आई आपण होऊन तोंड उघडायची. मी हातात गोळी घेऊन क्षणभर थांबायचो. तिने एकदा तरी "कित्याक" म्हणावं, एवढंच मागणं होतं.

भाऊला वाटत राहिलं की त्याचं पत्र मला उशिरा मिळालं. मीही त्याला तसंच वाटू दिलं.

यंदा कारखान्यातल्या तपासणीत माझंही प्रेशर निघालं. सुट्टी काढून गावी गेलो, भाऊला ओढून तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. त्याचं माझ्याहून जास्त. परतताना स्टँडच्या बाकावर आम्ही दोघे गोळ्यांच्या पुड्या घेऊन बसलो होतो. मी म्हटलं, "भाऊ, तुझा पत्र माका येळेर गावला होता. मीच उत्तर लिवक नाय."

त्याने आपली पुडी खिशात ठेवली. मग म्हणाला, "गोळी माझ्या डोळ्यांम्होरां बंद झाली. तू एकटोच नाय."

जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. गावच्या घरात आता माझ्यासाठी आई नाही, आणि नाहूरची खोली कितीही वर्षं झाली तरी भाड्याचीच. पण दर पंधरा दिवसांनी भाऊचं आंतर्देशीय येतं. पहिल्या ओळीत तो लिहितो, गोळी घेतो आहे, तू घेतोस ना? मी त्याच दिवशी उत्तर टाकतो. घर म्हणून माझ्याकडे आता एवढंच उरलं आहे.